एल्विसच्या समाधीला तिकीट काढून जावं का?

या वेळचं पत्र सांगलीच्या विश्रामबागमधून आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, कामापुरतं देते.

"ताई, आमचे हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, आता रिटायर. कॉलेजात असताना कुणीतरी एल्विस प्रेस्ली ह्या अमेरिकन गायकाची रेकॉर्ड ऐकवली आणि तेव्हापासून जे वेड लागलंय ते लागलंय, कल्लेसुद्धा अजून तसेच आहेत. मुलगा अमेरिकेत नॅशविलला असतो, मे महिन्यात आम्ही तिकडं जाणार, दोनतीन महिने राहणार. तिथून मेम्फिस तीन तासावर आहे म्हणे. ह्यांनी एकदाच विषय काढला की एल्विसची समाधी बघून येऊ. सूनबाई म्हणाली, बाबा तिथं काही नाही, मी ऑफिसच्या ग्रुपबरोबर जाऊन आलेय, सगळा धंदा करून ठेवलाय, ८० डॉलर तिकीट आणि जिकडंतिकडं दुकानं, त्यापेक्षा आपण डोंगरात जाऊ, नातवाला पण मजा येईल. हे 'बरं' म्हणाले आणि परत विषय नाही. मला इंग्रजी गाणी कळत नाहीत, पण ह्यांचं 'बरं' कळतं. एवढे पैसे घालून जाण्यासारखं आहे का ते? आणि असलं तर सुनेला न दुखवता कसं सांगू?"

वहिनी, आधी उत्तर सांगून टाकते, मग बाकीचं बोलू. जा. दोघं तरी जाच, मुलगा येत असेल तर तिघं जा, पण सूनबाई खोटं बोलतेय असं मनात सुद्धा आणू नका कारण ती जे सांगतेय ते बरंचसं खरं आहे.

मी जाऊन आलेय तिथं, भाच्याकडं असताना. ग्रेसलँड म्हणजे त्याचं घर रस्त्याच्या एका अंगाला, आणि रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला केवढा तरी पसारा, म्युझियम, दुकानं, त्याची दोन विमानं उभी करून ठेवलेली, गाड्या, चमकीचे ते गळ्यापासून पायापर्यंतचे सूट काचेत टांगलेले. रस्त्याला नाव पण त्याचंच. गाडी लावायचे पैसे वेगळे, मग रांग, मग हातात एक टॅब्लेट आणि कानाला हेडफोन देतात, मग छोट्या बसमध्ये बसवून रस्ता ओलांडून घराशी नेऊन सोडतात आणि बघून झालं की त्याच बसनं परत दुकानांच्या पसाऱ्यात आणून सोडतात. कप, चष्मे, मॅग्नेट, टीशर्ट, टेडी बेअर, काय म्हणाल ते त्याच्या तोंडाचं. साधं तिकीटच ८० डॉलरच्या पुढं, म्हणजे माणशी सातेक हजार रुपये झाले की ओ, आणि त्याच्या वरची व्हीआयपी तिकिटं आहेत ती तर विचारूच नका. तेव्हा ज्याला एल्विस म्हणजे फक्त कल्लेवाला गोरा माणूस एवढंच माहीत आहे त्याला तिथं लुटल्यासारखंच वाटणार, आणि ऑफिसच्या ग्रुपबरोबर दुपारी दोन वाजता गेलेल्या पोरीला दुसरं काय वाटणार सांगा.

पण तिचं एक चुकलंय. ती दुकानं समाधीपाशी नाहीत, रस्त्याच्या पलीकडं आहेत. समाधी घराच्या बाजूला पोहण्याच्या तलावाजवळ एका लहानशा गोल बागेत आहे. आणि ती बाग नंतर कुणी पर्यटकांसाठी केलेली नाही, त्यानं स्वतः हयात असताना १९६०च्या दशकात बसायला, विचार करायला म्हणून करून घेतली. दिवाणजींना हे माहीत असेल नसेल, पण एल्विस परमहंस योगानंदांचं वाचायचा, कॅलिफोर्नियात त्यांचा जो आश्रम आहे तिथं त्याचं जाणं होतं, तिथल्या बागेवरून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. बागेचं नाव पण ध्यानाची बाग असंच आहे इंग्रजीत.

आणि तिथं त्याला पुरायचं असं काही ठरलेलं पण नव्हतं. १६ ऑगस्ट १९७७ ला तो गेला, ४२ वर्षांचा होता फक्त. आधी त्याला मेम्फिसच्याच एका सार्वजनिक दफनभूमीत ठेवलं होतं, त्याची आई ग्लॅडिस १९५८ सालीच गेलेली, ती पण तिथंच. तर दोन आठवडे होत नाहीत तोवर काही लोक रात्री त्याचं शव पळवायच्या इराद्यानं आत घुसल्याचं प्रकरण झालं, पकडले पण गेले. मग बाप घाबरला, व्हर्नन त्याचं नाव, त्यानं शहराकडून परवानगी काढली आणि ऑक्टोबरच्या सुरवातीला माय-लेकाला दोघांना घरच्या बागेत आणलं. पुढं तो बापही तिथंच, आजीही तिथंच. एल्विस जुळा होता, भाऊ जन्मतःच गेलेला, त्याच्या नावाची एक छोटी पाटी लावलीय. अलीकडं त्याची मुलगी लिसा मेरी २०२३ ला गेली, तिला तिथं ठेवलंय आणि तिचा तरणा मुलगा तिच्या आधीच गेला होता तो पण तिथंच. म्हणजे हे पाच पिढ्यांचं घरचं आहे सगळं. मला तरी तिथं एल्विसपेक्षा आईच्या नावाशी जास्त वेळ थांबावंसं वाटलं, कारण हे घर त्यानं १९५७ ला २२ वर्षांचा असताना आईबापाला घेऊन दिलं होतं आणि पुढच्याच वर्षी आई गेली.

मग तिकीट कशाला लावलं? तर पैसे नव्हते म्हणून. बाप १९७९ ला गेला, वारस ती मुलगी, ती शाळकरी. एवढं मोठं घर, कर, माळी, पहारा, इस्टेट संपत चाललेली, घर विकायची वेळ आलेली. तेव्हा एल्विसची घटस्फोटित बायको प्रिसिला, मुलीची आई म्हणून तिच्याकडं कारभार आला आणि तिनं ७ जून १९८२ ला घर तिकीट लावून लोकांना उघडलं. चाललं ते असं चाललं की आज वर्षाला सहा लाखांच्या आसपास माणसं जातात म्हणे. पुढं धंद्याचा बहुतेक हिस्सा कंपनीकडं गेला आणि मग तो सगळा पसारा वाढत गेला, त्याबद्दल माझं पण मत फार चांगलं नाही, पण घर स्वतः अजून कुटुंबाकडंच आहे, आता नात बघते. तिकीट लावलं नसतं तर आज तिथं कुणा डॉक्टरचा नाहीतर बिल्डरचा बंगला असता आणि दिवाणजी बाहेरनं गेट बघून परत आले असते.

आता तुम्हाला मिरजेचं सांगते, लांबचं नाही, विश्रामबागपासून रिक्षानं जाता येतं. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आहेत हे माहीत असेल तुम्हाला. किराणा घराण्याचे, सवाई गंधर्वांचे गुरू, हिराबाई बडोदेकरांचे वडील. जन्म तिकडं उत्तरेत कैराना गावचा, पण राहिले मिरजेला, आणि १९३७ साली दक्षिणेत रेल्वेच्या प्रवासात एका स्टेशनवर गेले तर तिथनं त्यांना मिरजेला आणलं. दरवर्षी उरुसात त्यांच्या नावानं संगीत सभा होते, मोठमोठे कलाकार तिथं येऊन गाऊन गेलेत, रात्रभर लोक बसतात. आणि बाहेर काय असतं? उरुस म्हटल्यावर जे असतं तेच, पाळणे, मिठाई, बांगड्या, प्लॅस्टिकची खेळणी, कर्कश्श स्पीकर. त्या गर्दीतनं वाट काढतच माणूस आत गाणं ऐकायला जातो आणि आत बसल्यावर बाहेरचे पाळणे कुणाच्या ध्यानात पण राहत नाहीत, तिथं कधी कुणी म्हटलेलं ऐकलंय का, की उरुसाचा धंदा झालाय तर खाँसाहेबांच्या सभेला जाण्यात अर्थ नाही?

फरक एवढाच की मिरजेला तिकीट नाही आणि मेम्फिसला आहे. आणि हो, मिरजेला समाधीपाशी अजून गाणं चालतं, मेम्फिसला लोक फुलं ठेवतात, टेडी बेअर ठेवतात, फोटो काढतात आणि पुढं सरकतात. ह्या बाबतीत आपलं जास्त चांगलं आहे असं मला वाटतं, पण ते जाऊ दे, दिवाणजींना खाँसाहेब नाही, एल्विस पाहिजे. माणसानं कुणाच्या गाण्यावर जीव लावावा हे काय आधार कार्डाचा पत्ता बघून ठरत नाही.

तर आता कसं जायचं ते. एक गोष्ट सूनबाईला बहुतेक माहीत नसावी कारण ती दुपारी गेलेली. बहुतेक दिवशी सकाळी टूर सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ ती बाग फुकट उघडी असते. गेटमधनं आत शिरायचं, चढणीच्या वाटेनं चालत वर जायचं, समाधीपाशी थांबायचं आणि खाली यायचं. टॅब्लेट नाही, हेडफोन नाही, रांग नाही, गर्दी अगदी मोजकी. वेळ मोसमाप्रमाणं बदलत असते, काही दिवशी नसतेही, म्हणून आदल्या दिवशी मुलाला त्यांच्या वेबसाइटवर बघायला सांगा, मी सांगितलं म्हणून भरवशावर जाऊ नका. चढ फार नाही पण गुडघे दुखत असतील तर सावकाश. आणि त्यासाठी आदल्या दिवशी संध्याकाळीच मेम्फिसला जाऊन मुक्काम करायला लागतो, नॅशविल ते मेम्फिस सव्वातीनशे किलोमीटरच्या वर आहे, पहाटे निघून गाठायचं म्हणजे मुलाची झोप आणि तुमचा जीव दोन्ही जाणार. मुक्काम त्यांच्याच हॉटेलात करायची काही गरज नाही, गावात स्वस्तात मिळतं.

बाहेरची दगडी भिंत पण बघा, ती तर कधीही फुकट आहे. जगभरच्या लोकांनी तिच्यावर सह्या करून, निरोप लिहून ठेवलेत, भिंतीला मोकळी जागा म्हणून नाही. आपल्याकडं किल्ल्यावर नावं कोरणाऱ्यांना मी शिव्या देते पण तिथं मात्र ते चालतं. खिशात एक मार्कर असू द्या दिवाणजींच्या.

म्हणजे नुसती समाधीच बघायची असेल तर तिकिटाचा प्रश्नच येत नाही, पण ह्यांचं एवढ्या वर्षांचं वेड आहे म्हणताय तर एक साधं तिकीट त्यांचं काढाच. एकाचं. तुमचं काढायची सक्ती नाही. घर लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच लहान आहे, मला तर वाटलं होतं राजवाडा असेल, तर आपल्या गावातल्या एखाद्या कारखान्याच्या चेअरमनचा बंगला मोठा निघेल. पण आत एक खोली आहे तिला जंगल रूम म्हणतात, तिथं हिरवा लांब केसाळ गालिचा जमिनीवर आहे आणि तसाच वर छतालाही लावलाय. तळघरात एका खोलीत शेजारी शेजारी तीन टीव्ही. माणसाकडं पैसा आला आणि सांगणारं कुणी नव्हतं, असं घर आहे ते. वरचा मजला बंद असतो, पहिल्यापासूनच बंद, तिथंच तो गेला म्हणून घरच्यांनी तो कधी उघडला नाही. एवढा धंदा करणाऱ्यांनी तेवढं विकायला काढलेलं नाही हे पण सूनबाईला सांगा कधीतरी, भांडायला म्हणून नाही, गप्पांत.

व्हीआयपी तिकीट नको. दुकानात फार वेळ नको, एक मॅग्नेट घ्या आणि निघा.

आणि आता माझं खरं मत. समाधी बघून झाली की दुपारी गावात सन स्टुडिओला न्या त्यांना, युनियन अव्हेन्यूवर आहे. ग्रेसलँडपेक्षा स्वस्त आणि मला विचाराल तर जास्त मोलाचं. बाहेरून बघितलं तर कोपऱ्यावरचं साधं दुकान वाटतं आणि आत रेकॉर्डिंगची एकच खोली. १९५३ ला हा १८ वर्षांचा पोरगा तिथं गेला, जवळजवळ ४ डॉलर खिशातनं भरले आणि दोन गाणी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतली, आईसाठी म्हणून, निदान असं सांगायचा. वर्षभरानं, जुलै १९५४ मध्ये, त्याच खोलीत स्कॉटी मूर गिटारवर आणि बिल ब्लॅक बासवर, संध्याकाळभर काही धड जमेना, मधल्या सुट्टीत हा उगाच उड्या मारत एक जुनं ब्लूज गाणं, म्हणजे तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या धाटणीचं, गायला लागला, बाकी दोघं पण मागनं वाजवायला लागले, आणि स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्सनं आतनं डोकं बाहेर काढून विचारलं काय चाललंय, परत करा. तिथनं सगळं सुरू झालं. ती खोली अजून तशीच आहे आणि आत उभं राहता येतं. ज्या माणसानं आयुष्यभर हळदीच्या पोत्यांचे हिशोब लिहीत ही गाणी ऐकली त्याला त्याची समाधी दाखवायची आणि ही खोली दाखवायची नाही म्हणजे अर्धंच काम झालं.

मेम्फिस नुसतं एल्विसचं गाव नाही हे पण लक्षात असू द्या, इथंच सूनबाईची आणि नातवाची सोय होते. मार्टिन ल्यूथर किंग यांना ४ एप्रिल १९६८ ला ज्या लॉरेन मोटेलच्या गॅलरीत गोळी घातली, ते मोटेल आता नागरी हक्कांच्या चळवळीचं म्युझियम आहे. ते बघून कुणी परत आल्यावर फालतू आहे म्हणणार नाही, सूनबाई तर नाहीच. आणि नातवासाठी, पीबडी नावाचं जुनं हॉटेल आहे तिथं रोज सकाळी ११ ला बदकं लिफ्टनं खाली येतात, लाल गालिच्यावरनं चालत लॉबीतल्या कारंज्यात जाऊन बसतात आणि संध्याकाळी ५ ला तशीच परत वर जातात. खरंच. बघायला पैसे नाहीत. पोरगं घरी येऊन आठवडाभर बदकासारखं चालेल, एवढी हमी देते.

तारखेचं बघा. मे जूनमध्ये गेलात तर ठीक, जुलैपासून पुढं तिथं उकाडा आणि दमट हवा, आपल्या वैशाखाची आठवण येते. ऑगस्टच्या मध्यावर त्याच्या पुण्यतिथीचा आठवडा असतो, १५ ला संध्याकाळी हजारो लोक हातात मेणबत्त्या घेऊन त्या चढणीनं समाधीपर्यंत जातात आणि हे पार दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत चालतं. गर्दी आवडत नसेल तर तो आठवडा टाळा. पण दिवाणजी तोपर्यंत तिकडं असतील आणि उभं राहायची ताकद असेल तर एकदा विचारून बघा त्यांना, काही लोक त्या एका रात्रीसाठी दरवर्षी दुसऱ्या देशातनं येतात, आणि अशा माणसांत ह्यांचे कल्ले कुणाला विचित्र वाटणार नाहीत.

राहिला सुनेचा प्रश्न. तिला काहीच समजावून सांगू नका. तिनं पैसे आणि वेळ वाया जाईल म्हणून सांगितलं, त्यात वाईट हेतू कुठं आहे? डोंगर पण तिनं तुमच्यासाठीच काढला. तुम्ही फोन करून एवढंच म्हणा की डोंगराला आपण सगळे जाऊ, आणि त्याशिवाय मधल्या वारी एक रात्र आम्हाला मेम्फिसला जायचंय, हॉटेल कुठलं चांगलं ते तूच बघून दे. तिला तिथलं माहीत आहे, तिच्यावर सोपवा. "तू म्हणालीस तरी आम्ही जाणार" ह्या सुरात गेलात की मग एल्विस राहील बाजूला आणि घरात जुनं सगळं निघेल. तिला यायचं असेल तर म्युझियम आणि बदकं आहेतच.

आणि दिवाणजींना "जायचंय का, जायचंय का" असं विचारत बसू नका. ते नाहीच म्हणणार. मुलाचा पैसा, सुनेची रजा, आपलं वय, ह्या सगळ्याचा हिशोब त्यांनी तुमच्या आधी करून ठेवलेला असणार, जन्मभर तेच केलंय त्यांनी. तेव्हा ठरवून टाका आणि सांगा की अमुक तारखेला जातोय. तिकिटाचे पैसे मात्र त्यांना स्वतःच्या खिशातनं देऊ द्या, मुलाला आधीच सांगून ठेवा की कार्ड पुढं करू नको. इथनं निघताना थोडे डॉलर करून न्या त्यांच्या नावाचे, पण तिकीट ऑनलाइन काढलेलं बरं, म्हणजे मुलानं काढायचं आणि बाबांनी त्याच्या हातात नोटा मोजून द्यायच्या, तो घेणार नाही म्हणेल, घ्यायला लावा.